टिपणीसबाईंचा कप्तान

टिपणीसबाई शाळेतल्या मुलांना ‘अरे गाढवा’ म्हणत, आम्हा शिक्षकांना ‘अहो गुरुजी’ म्हणत आणि स्वतःच्या कुत्र्याशी मात्र थेट अहोजाहो करत.

“कप्तान, पाय पुसलेत का? मग आत कसे आलात?”

कुणी हसलं की चष्म्यावरून बघत. “हसायला काय झालं? कप्तान आहेत ते. हुद्दा आहे त्यांना. तुम्हाला काय आहे?”

मला बी.ए. होती. आमच्या घराण्यात बापजाद्यांनी फक्त भात लावला. कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे आणि अजूनही सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कर्जतच्या हायस्कुलात जागा नव्हती म्हणून भिवपुरीला पॉवर हाऊसच्या वसाहतीतल्या प्राथमिक शाळेत लागलो. वसाहतीला सगळे कॅम्प म्हणत. आमचं गाव नदीच्या पलीकडे, साकव ओलांडला की घर. पहिल्या दिवशी मी टिपणीसबाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, माझी पदवी सांगितली. बाई म्हणाल्या, “छान झालं. आता पहिलीच्या मुलांची नाकं पुसा.”

बाई बुटक्या, ठेंगण्या, आवाज मात्र कॅम्पच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. माहेर कर्जतच्या बाजारपेठेतलं, घरात सगळे वकील नाहीतर मास्तर. लग्न केलं नाही. का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. खळ घातलेलं पांढरं लुगडं, काठ दरवेळी वेगळा, आणि बारा महिने हातात काळी छत्री.

त्या छत्रीचं काम ऊनपावसाचं नव्हतं. बाईंना पाण्याची भीती वाटायची. साकवावरून जाताना त्या छत्री उघडून आडवी धरत, पाण्याच्या बाजूला, म्हणजे खालचं पाणी दिसू नये. पळसदरीला धरणावर सहल नेली तर धरणाकडे पाठ करून बसत आणि मुलांना सांगत, “मला डोंगर आवडतो.” भीती हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही आणि आम्हीही नाही. कॅम्पमध्ये तो एक न बोलता पाळलेला शिष्टाचार होता.

अशा बाईच्या वाट्याला असा कुत्रा यावा!

कॅम्पमधले एक विलायती इंजिनियर मायदेशी परत निघाले. त्यांचा कुत्रा रिट्रीव्हर जातीचा होता. गव्हाळ सोनेरी केस, पिंपासारखी छाती, वल्ह्यासारखी शेपटी आणि बोटांच्या मध्ये बदकासारखी कातडी. नाव त्याचं कॅप्टन. पुण्याबिण्याला कुणी मित्र घेऊन जाईल असं साहेबाचं चाललं होतं. बाई निरोपाचा नारळ द्यायला गेल्या, नारळ दिला, दोन शब्द बोलल्या आणि निघाल्या. घरी येऊन मागे बघतात तर कुत्रा उभा आणि तोंडात तोच नारळ, शेंडीसकट. त्याने तो उंबऱ्यावर अलगद ठेवला आणि बसून राहिला.

“आता मी काय करणार सांगा,” बाई म्हणत. “दिलेला नारळ परत आला. बरोबर पाहुणा घेऊन आला.”

साहेबाने जाताना मोडक्या हिंदीत एवढंच सांगितलं होतं, “बाई, ये कुत्ता नहीं, मछली है. इसको रोज नदी.”

नदीचं बाईंनी आपल्या परीने भागवलं. रोज सकाळी मोरीत पाण्याने भरलेलं घंगाळ. कप्तान त्यात बसायचा, निम्मं पाणी बाहेर यायचं, निम्मा कुत्रा बाहेर राहायचा. बाई तांब्याने पाठीवर पाणी घालत. “झाली की नाही नदी?” कप्तान तोंड वळवायचा. मग अंगात उरलेला सगळा दम तो घरातल्या वस्तूंवर काढायचा. खाटेचा पाय खाल्ला, केरसुणी खाल्ली, एक दिवस शाळेत येऊन कुलाबा जिल्ह्याचा नकाशा धरला. अलिबाग, पेण, पनवेल एवढं पोटात गेलं, कर्जत तालुका बाईंनी कसाबसा ओढून वाचवला. तो अर्धा नकाशा पुढे कितीतरी वर्षं वर्गात होता. मुलं विचारायची, बाई, समुद्र कुठे आहे? बाई म्हणायच्या, “कप्तानांना विचारा.”

शेवटी बाईंनी फाटक उघडलं. कप्तान नाकासमोर धावत गेला आणि नदीत पडला.

आमच्या नदीची एक गंमत आहे. घाटावरच्या तलावांचं पाणी डोंगरावरून मोठमोठ्या पायपांतून खाली येतं, पॉवर हाऊसची यंत्रं फिरवतं आणि मग नदीला सोडलं जातं. मुंबईला वीज जास्त लागली की यंत्रं जास्त चालणार, नदीला पाणी चढणार. रविवारी गिरण्या बंद म्हणून नदी उतरलेली, संध्याकाळी मुंबईत दिवे लागले की इकडे दगड बुडालेले. कॅम्पमध्ये घुमणारा यंत्रांचा आवाज वाढला की नदीवर धुणं धुणाऱ्या बायका एकमेकींना हाका मारत, “चला गं, म्हंबय जागी झाली!” धारेतून त्या बाजूला होत. आमच्या अंगणाखाली वळणावर एक डोह होता, तिथे पाणी हळूहळू चढायचं, त्यामुळे मुलं तिथेच पोहायला शिकत. कप्तानाने पहिल्याच दिवशी तो डोह हेरला.

दुपारी शाळा सुटली की बाई फाटक उघडत, तो एकटा जाई आणि दिवे लागायच्या आत एकटा परत येई. मग बाईंचं काम सुरू. ओटीच्या पायरीवर बसून जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने त्याचे कान आतून पुसायचे. एकदा कान ओले राहून पिकले होते, तेव्हा कर्जतचे जनावरांचे डॉक्टर बाईंना सगळ्यांसमोर रागे भरले होते, ते बाई विसरल्या नाहीत. कानांनंतर पायांच्या बोटांमधला चिखल, मग पोटाखालच्या गोचिडी, मग लांब केसांत अडकलेली कुसळं. हे सगळं होईपर्यंत दारात आलेला माणूस, मग तो साहेब का असेना, उभाच. त्यानंतर सुक्या बोंबलाच्या कालवणात कुस्करलेली तांदळाची भाकरी. कप्तान वजनाने वाढायला लागला तेव्हा त्याची अर्धी भाकरी कमी केली आणि त्या दुःखात स्वतःचीही अर्धी कमी केली.

कप्तान रिकाम्या तोंडाने मात्र कधी परत आला नाही. पाण्यात पडलेलं जे जे दिसेल ते काढून आणून द्यायचं, ही त्याची जात. चपला आणल्या, चेंडू आणले, कुणाची तरी लंगोटी आणली. कॅम्पमधल्या बायका देवाचं निर्माल्य नदीत सोडत, ते संध्याकाळी बाईंच्या उंबऱ्यावर हजर. बाईंना फुलांवरून घर ओळखता यायचं. “ही तगर जोशांची. गुरुजी, जाता जाता देऊन या त्यांना.” मी म्हणालो, “बाई, निर्माल्य परत कसं देऊ?” म्हणाल्या, “नदीत घाण टाकू नका हे मी वर्गात ओरडून सांगते, कुणी ऐकत नाही. कप्तान न बोलता शिकवतात. द्या नेऊन.”

यावरून कॅम्पात कुरबुर होतीच. भडका उडाला तो गौरींत.

आमच्याकडे गौर तेरड्याची असते. मुळासकट तेरड्याची जुडी आणायची, तिला मुखवटा लावून लुगडं नेसवायचं, जेवू घालायचं आणि पाठवणीच्या दिवशी मुखवटा, दागिने काढून घेऊन जुडी नदीत सोडायची. त्या वर्षी आमच्या आईने कमरेइतक्या पाण्यात जाऊन गौर सोडली. बायका काठावर गाणी म्हणत होत्या. गौर डोहात दोन गिरक्या घेऊन पुढे निघाली, एवढ्यात पलीकडून धप्पकन आवाज आला.

“आरं आरं आरं! कुत्रा! त्या बाईचा कुत्रा!”

कप्तान पोहत आला, गौर तोंडात धरली आणि वळला. बाहेर येऊन आधी असं अंग झाडलं की सगळ्या नव्या लुगड्यांवर शिंतोडे. मग आईच्या पावलांवर त्याने गौर अलगद ठेवली. त्याची पकड एवढी मऊ की एकही फूल चुरगळलेलं नव्हतं. शेपटी हलवत वर बघत उभा, शाबासकीच्या अपेक्षेने.

“बाटली गं बाय गौर!” माझी चुलती किंचाळली. “कुत्र्याच्या तोंडातली गौर! आता काय करायचं गं?”

आई त्या जुडीकडे वाकली. मग तिने ती उचलून खांद्यावर घेतली. “बाटली कशी? म्हायेराहून निघालेली लेक आर्ध्या वाटंवरून माघारी आली, तर दार लावून घ्यायचं का? ऱ्हाऊ दे आजची रात. उद्या जाईल.”

“आगं पन कुत्रा...”

“घोड्यावर बसून आली का कुत्र्याबरूबर आली, आपल्याला काय करायचंय? आली ना?”

त्या रात्री आमच्या घरी गौरीला पुन्हा जेवायला वाढलं. पण आईचं म्हणणं सगळ्या गावाला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच पाचसहा माणसं कॅम्पच्या साहेबांकडे गेली. मी मधल्या मध्ये. गावाचा मुलगा आणि बाईंचा सहायक. साहेबांनी दोन्हीकडचं ऐकून हुकूम सोडला. कुत्रा साखळीला राहील. पाण्यावर जायचंच असेल तर मालकाने स्वतः काठावर हजर राहायचं, रोज, दुसऱ्या कुणाच्या हवाली करायचं नाही. हे जमणार नसेल तर कुत्रा पुण्याला पाठवायचा, तिथे माणूस तयार आहे.

साहेबांना बाईंची छत्री माहीत होती. म्हणजे कप्तान पुण्याला गेल्यातच जमा.

पुढचे काही दिवस शाळेत जीव मुठीत धरून बसावं लागलं. पाढा चुकला तरी बाई गप्प. बाई गप्प म्हणजे मुलं रडकुंडीला. कप्तान शाळेसमोरच्या बाईंच्या ओटीवर साखळीला बांधलेला. भाकरी तशीच, माश्या बसलेली. यंत्रांचा आवाज वाढला की उठून उभा राही, नदीकडे बघे आणि आवाज स्थिरावला की पुन्हा बसे. ते उठणं आणि बसणं मी माझ्या वर्गाच्या खिडकीतून बघायचो. बाई त्यांच्या खिडकीतून बघायच्या.

एक दिवस शाळा सुटल्यावर म्हणाल्या, “गुरुजी, तुमच्या घरी चला.”

साकवावर त्यांनी छत्री धरली, नेहमीसारखी. दुसऱ्या हाताने माझी बाही अशी पकडली होती की टाके उसवले. घरी आईने पाट मांडला, गूळपाणी दिलं. बाईंनी पिशवीतून नारळ, खण, तांदूळ काढले आणि देव्हाऱ्यात ठेवलेल्या गौरीच्या मुखवट्यासमोर ओटी ठेवली. माफी मागतील असं मला वाटलं. बाईंनी तास घेतला.

“कुत्र्याची यात काही चूक नाही. पाण्यातलं काढून आणून देणं हे त्यांचं कामच आहे, त्यांना गौर आणि चप्पल सारखीच. चूक माझी. मी त्यांना एकटं सोडत होते.”

आई म्हणाली, “मंग तुमी का नाय येत त्येच्याबरूबर?”

मी जमिनीकडे बघायला लागलो. हा प्रश्न सगळ्या कॅम्पमध्ये आजवर कुणी विचारला नव्हता.

बाईंनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. “मला पाण्याची भीती वाटते,” त्या म्हणाल्या. “लहानपणी आडात पडले होते. काढलं मला, जगले. पण तेव्हापासून.”

“येवडंच?” आई म्हणाली. “आमच्या म्हशीलाबी वाटायची. आता डोहातनं निघत नाय, रोज हाकलून काढते.”

मला वाटलं संपलं. टिपणीसबाईंना कुणी म्हशीची उपमा दिली आणि जिवंत राहिला असं अजून झालं नव्हतं. बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग ओठ हलायला लागले आणि त्या हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. इतकी वर्षं बरोबर काम करून बाईंचे मागचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

“उद्या याल?” त्यांनी आईला विचारलं.

“मी रोजच जाते. म्हस धुवायला. तुमी त्या वरच्या खडकावर बसा, पाठ करून बसा हवं तर.”

दुसऱ्या दिवशी कप्तानाची साखळी सुटली. बाई खडकावर, पाण्याकडे पाठ, मध्ये उघडी छत्री. खाली आई आणि म्हैस. आई वरती ओरडून वर्णन सांगायची, “आता पलीकडं गेला! आता आला! आता म्हशीच्या शेपटीला धरतोय, आरं सोड रं मुडद्या!” बाई पाठमोऱ्याच ओरडायच्या, “मुडद्या नका म्हणू हो त्यांना!” आवाज वाढला की बाईंचीच हाक आधी जायची, “कप्तान, मुंबई जागी झाली! बाहेर या!” आणि कप्तान यायचा. साहेब एकदा मुद्दाम बघायला आले, खडकावरची छत्री लांबूनच बघितली आणि माघारी फिरले. पुण्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढे कधीतरी छत्री मिटली. मग बाई वळून बसल्या. मग एक खडक खाली आल्या. पुढच्या उन्हाळ्यात मी पाहिलं तेव्हा पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या आणि आईशी मेथीच्या भाजीवर वाद घालत होत्या.

मग आईने हट्टच धरला की बाईंनी पाण्यात उतरायचं. आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवताना पाठीवर सुका भोपळा बांधतात. आईने तसा एक मोठा भोपळा बाईंच्या पाठीवर दोरीने बांधला. मुख्याध्यापिका, अंगावर लुगडं, काष्टा मारलेला, पाठीवर भोपळा. काठावर आमच्या शाळेतली निम्मी मुलं. बाई छातीइतक्या पाण्यात पोचल्या, डोळे गच्च मिटलेले, भोपळा वर तरंगायला लागला.

तो कप्तानाने पाहिला.

पाण्यात तरंगणारी वस्तू! त्याने झेप घेतली, भोपळ्याची दोरी धरली आणि भोपळा बाईंसकट काठाकडे ओढत निघाला. “अहो सोडा! कप्तान, सोडा म्हणते ना! अहो मी आहे!” कप्तानाने नेहमीसारखं काम पुरं केलं. बाईंना चिखलात आणून ठेवलं, अंग झाडलं, समोर बसला आणि शेपटी हलवली.

मुलांना हसायची परवानगी नव्हती, त्यामुळे ती एकमेकांच्या सदऱ्यात तोंडं खुपसून हसत होती. बाई उठल्या, चष्मा लुगड्याला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, “बघितलंत? याला म्हणतात काम. आता कुणी गृहपाठ विसरलो म्हणून सांगायचं नाही.”

बाई पोहायला शिकल्या असं मी म्हणणार नाही. पाण्यात उभं राहायला शिकल्या. त्यांना तेवढं पुरे होतं.

पुढे मला खालापूरला हायस्कुलात नोकरी लागली. जाताना बाई म्हणाल्या, “बी.ए.चा उपयोग झाला म्हणायचा.” हा त्यांचा सगळ्यात मोठा आशीर्वाद होता. मग गावी जाणं सणासुदीपुरतं. आई सांगायची, कप्तान म्हातारा झालाय, तोंड पांढरं पडलंय, मागचे पाय धरत नाहीत. घरात फरपटत चालतो. डॉक्टर म्हणाले, या जातीला म्हातारपणी हे होतंच. त्याला आता चालवू नका, पाण्यात मात्र सोडा, पाण्यात त्याला पाय जड होत नाहीत.

त्या वर्षी मी गेलो तो दसरा उलटल्यावर. भात कापायला आलेलं, ऊन कलतं. घरी आई नव्हती म्हणून डोहाकडे उतरलो. खडकावर ती काळी छत्री मिटून ठेवलेली. शेजारी हातगाडी, भाजीवाले ढकलतात तसली, तिच्यावर जुनी गोधडी. त्या गाडीवरून कप्तानाला रोज आणत असणार. आई काठावर बसून भोपळ्याच्या बिया सोलत होती. मला बघून ओठांवर बोट ठेवलं.

बाई डोहात होत्या, गळ्याइतक्या पाण्यात. दोन्ही हात पुढे, पाण्याखाली, आणि त्या हातांवर कप्तानाचं पोट. वर फक्त त्याचं पांढरं तोंड आणि लांब पसरलेले सोनेरी केस. बाई एक एक पाऊल टाकत होत्या, तो पुढचे पाय मारत होता आणि त्याच्या तोंडात, दातांनी नाही, ओठांनी धरावी तशी, तेरड्याची एक काडी होती. बाई त्याच्याशी काही बोलत होत्या, मला ऐकू आलं नाही. अहोजाहोच करत असणार.

तेवढ्यात कॅम्पकडून तो घुमणारा आवाज वाढला. वरच्या अंगाला दगडांवरून पाणी वाजायला लागलं. माझ्या तोंडून सवयीने हाक गेली.

“बाई, मुंबई जागी झाली!”

बाईंनी मान वळवून बघितलं. चष्मा नव्हता, त्यामुळे मी त्यांना ओळखू आलो की नाही कुणास ठाऊक.

“होऊ दे,” त्या ओरडल्या. “कप्तानांची अजून एक फेरी राहिलीय.”